थंडी पण माती वाळवते

पुण्यात बर्फ पडत नाही. १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ पर्यंत उतरला होता, तोच आपला रेकॉर्ड. तरीपण आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये खडीला हिवाळा दाखवायची टेस्ट कायम चालू असते, आणि गंमत म्हणजे तिला फ्रीजर लागतच नाही, लागतं मीठ. साउंडनेस टेस्ट म्हणतात तिला. सोडियम सल्फेट नावाच्या मिठाच्या सॅच्युरेटेड पाण्यात (म्हणजे अजून मीठ विरघळणारच नाही इतक्या) खडी सोळा ते अठरा तास बुडवून ठेवायची, बाहेर काढायची, निथळवायची, ओव्हनला १०५-११० वर वाळवायची, गार झाली की परत बुडवायची. असे पाच फेरे. मग चाळणीतून काढून बघायचं किती भुगा झाला. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे जाड खडीचं नुकसान सोडियम सल्फेटमध्ये १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. चांगल्या काळ्या पाषाणाची खडी असली तर तिला ढिम्म काही होत नाही, पण सडका, मुरमाड दगड मिसळलेला असला की ट्रेमध्ये नुसता चुरा.

ही टेस्ट मूळची एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली. इमारतीचा दगड थंडीत टिकणार का हे बघायला दरवेळी हिवाळ्याची वाट कोण बघत बसणार, म्हणून त्यांनी बर्फाऐवजी दगडाच्या छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढवून बघायला सुरुवात केली. छिद्रात स्फटिक वाढला की तो भिंतीवर दाब टाकतो, मग तो बर्फाचा असो नाहीतर मिठाचा. म्हणजे मीठ हे बर्फाचं डमी. इतकी वर्षं ही टेस्ट करतेय पण माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की जिथे डमी आणि ओरिजिनल दोघंही एकाच मातीत नांदतात तिथे काय होत असेल.

आलं ते एका फोटोमुळे. ऑफिसमधले एक सर लडाखला गेले होते, त्यांनी त्सो कारच्या काठाचा फोटो ग्रुपवर टाकला. साडेचार हजार मीटर उंचीवरचं खारं तळं, काठाला लांबपर्यंत पांढराशुभ्र थर, पूर्वी तिथले भटके पशुपालक चांगपा लोक तिथलं मीठ गोळा करून विकायचे. ग्रुपवर सगळे 'वॉव', 'बकेट लिस्ट' वगैरे करत होते आणि मला मात्र तो फोटो सेम टु सेम इंदापूरच्या मामाच्या खालच्या रानासारखा दिसला. मार्चमध्ये तिथे असंच पांढरं फुटतं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, त्याचं पाणी आलं, ऊस आला, पाण्याची पातळी वर आली आणि मागोमाग मीठ. हे काही आजचं दुखणं नाही बरं का, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरल्ड मान यांनी १९१० च्या आसपासच नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून ठेवलाय. शंभर वर्षं उलटून गेली, रान अजून फुटतंच आहे.

मामाला फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"अगं, हे कुणाचं रान म्हणायचं?"

"लडाख आहे मामा. तिथे हिवाळ्यात मायनस तीसबिस होतं."

"मग तिथं ऊन कुठलं आलं एवढं? पाणी वर वढतंय कोण?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि याच प्रश्नासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. उंचावरचं ऊन आणि कोरडा वारा लडाखमध्येही आहेच, उन्हाळ्यात ते आपलं काम करतात. पण जगभरातल्या थंड प्रदेशातल्या खाऱ्या जमिनींमध्ये पाणी वर ओढणारा अजून एक गडी आहे, तो म्हणजे गोठणं. ऊन काय करतं, मातीतलं पाणी वाफ करून नेतं आणि मीठ मागे ठेवतं, कारण मिठाची वाफ होत नाही. बर्फ काय करतो, मातीतलं पाणी स्फटिक करून बाजूला काढतो आणि मीठ मागे ठेवतो, कारण बर्फाच्या स्फटिकाच्या रचनेत मिठाला जागाच नाही. उरलेल्या पाण्याच्या दृष्टीने दोन्हीत काही फरक नाही. ते कमी कमी होत जातं आणि खारट खारट होत जातं. थंडी पण मातीला वाळवते, फक्त पाणी जागच्या जागी ठेवून.

आता आपण शाळेत शिकलेलं असतं की पाणी शून्याला गोठतं, मीठ घातलं की जरा खाली गोठतं. पॉटातलं आइस्क्रीम फिरवताना बर्फात खडेमीठ का टाकतात ते त्यामुळे सगळ्यांनाच माहितीय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं आणि ते मायनस १.९ च्या आसपास गोठायला लागतं. इथे 'लागतं' हा शब्द महत्त्वाचा, कारण लोकांची समजूत अशी असते की खारट माती म्हणजे गोठण्याचा आकडा थोडा खाली सरकवला की झालं, शून्याच्या ऐवजी मायनस तीन लिहा आणि पुढे चला. तसं होत नाही. आकडा सरकत नाही, आकड्याची पट्टी होते.

हिशोब करून बघू, साधाच आहे. समजा मातीत कोरड्या वजनाच्या एक टक्का साधं मीठ आहे आणि वीस टक्के ओलावा आहे. म्हणजे शंभर ग्रॅम मातीत वीस ग्रॅम पाणी, त्यात एक ग्रॅम मीठ. हे पाणी मायनस तीनच्या जवळपास गोठायला सुरू होईल. पण पहिला बर्फ तयार झाला की तो गोड्या पाण्याचा, त्यामुळे उरलेलं पाणी लगेच जास्त खारट, त्याला गोठायला अजून खालचं तापमान पाहिजे. मायनस सहाला पोचलात तरी वीस ग्रॅमपैकी दहाएक ग्रॅम पाणी अजून पाणीच आहे. मायनस दहाला सहा ग्रॅम. मायनस वीसला साडेतीन. आणि मग मायनस २१ च्या जरा खाली, जिथे मिठाचं पाणी २३ टक्क्यांवर पोचलेलं असतं, तिथे उरलेलं सगळं एकदम घट्ट होतं, बर्फ आणि मीठ एकमेकांत मिसळून. याला युटेक्टिक म्हणतात. आणि हे झालं फक्त मिठाचं. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला पाण्याचा पातळ थर असतो तो मीठ नसतानाही शून्याखाली बराच वेळ पातळच राहतो, तो या हिशोबात धरलेलाच नाही.

प्रत्येक मिठाची पट्टी वेगळी. मॅग्नेशियम क्लोराइड मायनस ३३ पर्यंत दम धरतं, कॅल्शियम क्लोराइड तर मायनस ५० पर्यंत. अंटार्क्टिकात डॉन हुआन (Don Juan) नावाचं एक डबकं आहे, ते कॅल्शियम क्लोराइडने इतकं भरलेलं आहे की तिथल्या भयानक हिवाळ्यातही ते गोठत नाही. १९६१ मध्ये सापडलं, आणि नाव पडलं ते सापडवणाऱ्या दोन हेलिकॉप्टर पायलटांवरून, एकाचं नाव डॉन आणि दुसऱ्याचं जॉन, ज्याचं स्पॅनिश रूप हुआन. मला वाटायचं गोष्टीतल्या त्या डॉन हुआन प्रेमवीराची काहीतरी भानगड असणार!

बरं, तर मामाचा प्रश्न: ओढतंय कोण. माती वरून गोठत खाली जाते. जिथे गोठण्याची रेघ असते तिथे कणांवरचे पाण्याचे ते पातळ थर असतात ना, त्यातलं पाणी बर्फ खेचून घेतो, मग थर बारीक झाला की तो खालच्या ओल्या मातीतून पाणी ओढतो. ही ओढ साधीसुधी नाही. थिअरीत शून्याखालच्या एका डिग्रीला साधारण बारा वातावरणदाब इतकी. प्रत्यक्षात तेवढं पाणी येऊ शकतं का ते मातीवर अवलंबून. वाळूत भोकं मोठी, ओढच तयार होत नाही. चिकणमातीत ओढ जबरदस्त पण पाणी सरकता सरकत नाही. सगळ्यात वाईट मधली, पोयट्यासारखी बारीक गाळाची माती, तिथे ओढ पण आहे आणि वाट पण आहे, त्यामुळे बर्फाचे आडवे पट्टे जमत जातात आणि जमीन वर उचलली जाते. १९३० च्या सुमाराला स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने याचा एकदम खणखणीत पुरावा दिला होता. सगळे म्हणत होते पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून जमीन वर येते. याने मातीत पाण्याऐवजी बेन्झीन घातलं, बेन्झीन गोठताना फुगत नाही, उलट आक्रसतं. तरीही माती वर आली! म्हणजे भानगड फुगण्याची नाहीच मुळात, भानगड आहे खालून ओढून आणलेल्या मालाची. मला हा प्रयोग फार म्हणजे फारच आवडतो, इतका साधा आणि इतका खडूस.

आता हे खालून येणारं पाणी खारं असलं तर मीठ त्याच्याबरोबर वर येणार. वर येऊन बर्फ त्याला आत घेत नाही, बाहेर ढकलतो. हळू गोठत असेल तर मीठ पुढे पुढे खाली ढकललं जातं, भरभर गोठलं तर बर्फाच्या पट्ट्यांमध्ये खाऱ्या पाण्याचे कप्पे होऊन ते तिथेच अडकतं. पाणी वर, मीठ थोडं वर थोडं खाली, अशी ओढाताण चालू असते, पण शेतात बऱ्याचदा हिवाळ्याअखेर हिशोब केला तर वरच्या थरात मीठ वाढलेलंच निघतं.

साध्या मिठाचा एक फायदा मात्र आहे. क्लोराइडवाल्या मातीत बर्फाचे पट्टे कमी जमतात, जमीन उचलायचं प्रमाण कमी होतं. खरा आगाऊ आहे तो आमचा टेस्टवाला, सोडियम सल्फेट.

याची तऱ्हा निराळी. बत्तीस पॉइंट चार डिग्रीला शंभर ग्रॅम पाण्यात तो पन्नासएक ग्रॅम विरघळतो. वीस डिग्रीला एकोणीस-वीस ग्रॅम. शून्याला फक्त पाचच्या आत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये एखाद्या थंड वाळवंटात माती वीसवरून शून्याकडे यायला लागली की बर्फाचा पत्ता नसतानाच सॅच्युरेटेड पाण्यातल्या मिठाचे तीन चतुर्थांश स्फटिक होऊन बाहेर पडतात, आणि हा स्फटिक एकटा पडत नाही, एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू घेऊन बसतो. मिराबिलाइट म्हणतात त्याला. कोरड्या सोडियम सल्फेटच्या तुलनेत याचं आकारमान चौपटीहून जास्त. म्हणजे पाणी गोठून ९ टक्के वाढतं त्याचं आपण एवढं कौतुक करतो आणि हा गडी कोरड्याचा ओला होताना चौपटीच्या वर जातो, तेही थर्मामीटर अजून प्लसमध्ये असताना. वायव्य चीनमधले, गान्सू-छिंगहायकडचे रस्ते या सल्फेटच्या मातीने पार वैतागलेत. तिथले इंजिनियर मिठाने फुगणं आणि बर्फाने फुगणं हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मोजतात आणि ते बरोबरच आहे, कारण पहिलं शरद ऋतूतच सुरू होतं आणि दुसरं नंतर. शिवाय सोडियम सल्फेट गोठणबिंदू खाली ओढण्यात एकदम कुचकामी, त्याची पट्टी मायनस १.२ लाच संपते. म्हणजे अँटिफ्रीझ म्हणून उपयोग शून्य आणि त्रास सगळा.

वसंतात परत उलटं. स्फटिक आपलं पाणी सोडतात, मीठ पीठ होतं, माती भुसभुशीत, पाय टाकला की फुसकन आत. पुढच्या वर्षी परत. आणि फुगलेली माती बसताना पूर्वीच्या जागी बसत नाही, दरवर्षी थोडी थोडी उरतेच. जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात त्यातही पुष्कळदा हाच सोडियम सल्फेट असतो. तो बत्तीसचा आकडा, ज्याच्या वर मिराबिलाइट आपलं पाणी सोडतो, तर पुण्यात फेब्रुवारी-मार्चपासून रोज दुपारी ओलांडला जातो आणि रात्री परत खाली येतो. बर्फ नसला म्हणून काय झालं.

आता जिथे जमीन कधी वितळतच नाही तिथली गोष्ट. पर्माफ्रॉस्टची व्याख्या ऐकून मी जरा चक्रावले होते: जी जमीन सलग दोन वर्षं किंवा जास्त शून्य डिग्रीला किंवा त्याच्या खाली असते ती पर्माफ्रॉस्ट. यात बर्फाचा उल्लेखच नाही, फक्त तापमान. त्यामुळे आर्क्टिक किनाऱ्यावर, सैबेरियातलं यमाल असो की अलास्कातलं उतकियाग्विक, जिथे जुन्या समुद्राचं मीठ गाळात राहिलंय, तिथे गोठलेल्या जमिनीच्या पोटात खाऱ्या पाण्याचे न गोठलेले कप्पे सापडतात. तापमान मायनस सहा वगैरे, कागदोपत्री पर्माफ्रॉस्ट, प्रत्यक्षात चिखल. क्रायोपेग म्हणतात त्यांना. ड्रिल करताना अचानक मऊ लागतं.

बांधकामवाल्यांना यातून काय त्रास होतो? तिकडे पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेला खांब, उभं राहतं ते बरचसं गोठलेल्या मातीच्या चिकटण्यावर. गोड्या मातीत मायनस तीनला ती माती काँक्रीटच्या जवळपास कडक वाटते. खाऱ्या मातीत त्याच मायनस तीनला अर्धं पाणी, अर्धा बर्फ, आणि लोड ठेवलं की ती हळूहळू वाहायला लागते, पाइल वर्षानुवर्षं खाली सरकत राहतं. त्यात जमीन एखाद डिग्रीने तापली तर गोड्या मातीत मायनस चारवरून मायनस तीन झालं तर विशेष काही बिघडत नाही, खाऱ्यात तेवढ्याने बर्फाचा मोठा भाग पाणी होऊन जातो. शून्य ओलांडायची गरजच नाही. हवामानबदलाच्या बातम्यांमध्ये नेहमी 'पर्माफ्रॉस्ट वितळतोय' असं एका झटक्यात लिहितात तेव्हा मला हे खारे किनारे आठवतात, तिथे वितळणं कधीचंच सुरू आहे, मायनसमध्येच.

शेतीत उलटा काळ वाईट, वितळायचा. वरचा हातभर थर मोकळा झालेला असतो आणि खाली अजून बर्फाची फरशी शाबूत. वरचं पाणी खाली जाऊ शकत नाही, निचरा बंद, जमीन चिखल, वर वसंतातला कोरडा वारा. मग हिवाळ्यात थंडीने वर आणून ठेवलेलं मीठ ऊन ताब्यात घेतं आणि थेट पृष्ठभागावर मांडतं, आणि नेमकी तेव्हाच पेरणी. चीनमधल्या इनर मंगोलियात पिवळ्या नदीच्या पाण्यावरचं हेताव नावाचं मोठं कालव्याचं क्षेत्र आहे, तिथले शेतकरी म्हणून पिकं काढल्यावर, गोठायच्या आधी, शरदातच रानं पाण्याने भरून घेतात. मीठ खाली धुऊन जातं आणि वसंताला ओल पण राहते.

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते चीनच्याच हबेई प्रांतातलं, बोहाय समुद्राच्या काठचं. तिथे गोडं पाणीच नाही, जमिनीखालचं पाणी पण खारं. तर तिथल्या संशोधकांनी काय केलं, ऐन थंडीत तेच खारं पाणी रानात सोडलं आणि गोठू दिलं. वसंतात तो बर्फ वितळताना आधी खारट भाग सुटून वाहतो, कारण तो कमी तापमानालाच पातळ होतो. शेवटी राहतं ते जवळजवळ गोडं पाणी, आणि तेच आधीच्या खाऱ्या पाण्यामागून जमिनीत मुरत मीठ खाली ढकलतं. खाऱ्या पाण्याने खारी जमीन धुतली, वीज नाही, फिल्टर नाही. त्यावर कापूस घेतात.

हे मामाला सांगितलं. मामा बराच वेळ गप्प.

"म्हंजे हिरीचं मचूळ पाणीच सोडलं रानात?"

"हो. पण आधी गोठवलं."

"आपल्याकडं गोठायचं कसं गं? उसाला दर न्हाय, आन् बर्फाची गाडी सांगू व्हय आता?"

तर इंदापूरला उपाय तोच, जमिनीत भोकाचे पाइप गाडून निचरा, जो मामा गेली कित्येक वर्षं 'पुढच्या गळिताच्या बिलातून' करणार आहेत.

शेवटी लॅबवाल्यांसाठी, म्हणजे जे कुणी माझ्यासारखे पुण्यात बसून हिमालयातल्या कामांचे सँपल टेस्ट करतात त्यांच्यासाठी थोडं. रिपोर्टमध्ये आपण पीएच आणि ईसी (मातीच्या पाण्यातून वीज किती वाहते तो आकडा) लिहितो आणि मोकळे होतो. ईसी सांगतो मीठ किती, कुठलं ते सांगत नाही. थंड साइटसाठी क्लोराइड आणि सल्फेट वेगवेगळे काढलेच पाहिजेत, कारण एकाने माती उशिरा गोठते आणि दुसऱ्याने गोठायच्या आधीच फुगते, ईसी दोन्हीला सेम येऊ शकतो. सँपल कुठल्या महिन्यात आणि किती खोलीवरून काढलंय ते विचारा, कारण एप्रिलचा वरचा पाच सेंटिमीटरचा थर आणि सप्टेंबरचा तोच थर ही दोन वेगळी माणसं आहेत. आणि ओलावा काढताना ओव्हनला जपून. मिराबिलाइट किंवा जिप्समवाली माती नेहमीसारखी ११० वर टाकली की स्फटिकातलं पाणीही उडतं आणि आपण ते ओलावा म्हणून लिहून मोकळे होतो. जिप्सम असेल तर आयएसमध्येच ८० च्या वर नेऊ नका असं दिलंय, ६० वर जास्त वेळ ठेवा. क्लायंट घाई करणारच, त्याला सांगायचं ओव्हन भरलाय.